कळसूबाईची अट

सुट्टी या विषयाचा विचार मराठी मध्यमवर्गाच्या संदर्भात करायचा, तर सुरुवात आजोळापासून करावी लागते. कारण मे महिन्यात मुलांना घेऊन मामाच्या गावी जाणे हीच कित्येक पिढ्यांची सुट्टी होती आणि गाडीभाड्यापलीकडे तिच्यात पैशाचा व्यवहार नव्हता. शहरात तिसरी पिढी वाढू लागली, आजी-आजोबाच ठाण्याच्या किंवा पिंपरीच्या सदनिकेत राहायला आले, तसे हे गाव कुटुंबाच्या हातून सुटले. आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी, आगाऊ नोंदणी करून मिळणारे दुसरे गाव उभे राहिले. कौलारू खोल्या, सारवलेले अंगण, चुलीवरची भाकरी, पहाटे कोंबड्याचे आरवणे आणि रात्री चांदण्यांनी भरलेले आकाश असे सगळे तेथे असते. अशा जागेला कोणी कृषी पर्यटन केंद्र म्हणतात, कोणी निसर्गनिवास, तर अलीकडे बहुतेक जण 'इको-लॉज' म्हणतात.

या शब्दामागची कल्पना फार जुनी नाही. 'इकोटुरिझम' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः मेक्सिकोचे वास्तुविशारद एक्तोर सेबायोस-लास्कुराइन यांना दिले जाते आणि तो १९८३ च्या सुमारास वापरात आला. पुढे १९९० मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याची जी व्याख्या केली, तिच्यात दोन अटी होत्या: प्रवासाने त्या जागेच्या निसर्गाचे रक्षण झाले पाहिजे आणि तेथे राहणाऱ्या माणसांचे भले झाले पाहिजे. जाहिरातीत पहिली अट हिरव्या अक्षरांत दिसते, दुसरी क्वचितच दिसते. प्रत्यक्षात या दोन्ही अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखराच्या पायथ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

शिखरावरची मुलगी

कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे आणि ते नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले या तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे. अकोल्याच्या बाजूने चढाई बारी या गावातून सुरू होते. वाटेत कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि माथ्यावर जेमतेम चार माणसे उभी राहतील एवढेसे देऊळ आहे. नवरात्रात येथे यात्रा भरते. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, त्याच्या वरच्या अंगाला रतनगड, पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे दुर्गत्रिकूट, असा हा सगळा मुलूख आहे. त्यातील बराच भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात मोडतो. गावांत प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे.

शिखराला जिचे नाव मिळाले, त्या कळसूची लोककथा या परिसरात आजही सांगितली जाते. कथेप्रमाणे ती कोळ्याची मुलगी. एका घरी ती कामाला राहिली, पण राहताना तिने अट घातली की आपण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी घरी पाहुणे फार झाले आणि घरच्यांनी तिला नेमके तेच काम सांगितले. तिने ते केले आणि मग ते घर सोडून ती डोंगरावर निघून गेली, ती पुन्हा खाली आली नाही. चढणीवर 'थाळेमेळ' नावाची जागा आहे. भांडी तिने तेथे घासली असे सांगतात.

पाहुण्यांच्या गर्दीमुळे मोडलेली एक अट आणि त्यापायी घर सोडून गेलेली एक मुलगी, एवढीच ही गोष्ट आहे. पायथ्याच्या गावांत आज ज्या घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत, त्यांच्यापुढचा प्रश्न हाच आहे. आजोळी आजी नातवंडांना सरळ सांगत असे की हंडाभर पाण्यात सगळ्यांचे भागले पाहिजे, आणि कोणी रागावत नसे. पैसे मोजून आलेल्या गिऱ्हाइकाला तसे सांगता येते का? इको-लॉजमधील बाकीच्या सगळ्या गोष्टी, म्हणजे मातीच्या भिंती, सौर दिवे आणि बांबूचे सोफे, या प्रश्नाच्या उत्तराला धरूनच आपला अर्थ मिळवतात किंवा गमावतात.

पाच हजार मिलिमीटर आणि कोरडा हंडा

पश्चिमेच्या कड्यालगतच्या घाटघर परिसरात चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे पुण्यात जेवढा पडतो त्याच्या कितीतरी पट. तेथून पूर्वेकडे सरकत जावे तसा तो झपाट्याने कमी होतो आणि अकोले तालुक्याच्या पूर्व टोकाला काही शे मिलिमीटरवर येतो. एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यापर्यंत चालत जातात, ही गोष्ट पाहुण्यांना चमत्कारिक वाटते, पण तिचे कारण पायाखालच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, तयार झाला. त्याच्या अंगात पाणी मुरण्याजोगी पोकळी फार कमी. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकातील भेगांत. उतार तीव्र, माती पातळ, त्यामुळे जुलैत कोसळलेले पाणी काही तासांत ओढ्याला लागते आणि जे थोडे भेगांत शिरते, ते झऱ्यांच्या रूपाने हिवाळाभर पुरून उन्हाळ्याच्या तोंडाशी आटते.

समोर भंडारदऱ्याचे अफाट पाणी दिसत असते. प्रवरेवरील हे धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ते विल्सन धरण म्हणून ओळखले गेले आणि जलाशयाला आर्थर लेक हे नाव मिळाले. सुमारे ११ अब्ज घनफूट साठा असलेले हे पाणी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शेतीसाठी अडवलेले आहे. प्रवरा खोऱ्यातील ऊस आणि त्यावर उभे राहिलेले साखर कारखाने त्याच्यावर पोसले गेले. उंचावरच्या वाड्यांना मात्र ते पाणी चढवून आणल्याशिवाय मिळत नाही, आणि चढवायचे तर पंप, वीज आणि जलवाहिनी यांची सोय लागते.

आता अशाच एका वाडीत चार माणसांचे एक कुटुंब शनिवारी मुक्कामाला येते. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यावे, असे केंद्राच्या जलजीवन मोहिमेचे परिमाण आहे. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी पडते. म्हणजे प्रत्येकाने दहा मिनिटे अंघोळ केली तर चौघांना साडेतीनशे लिटरच्या आसपास पाणी लागते, आणि बादलीने केली तर ऐंशी लिटरमध्ये तेच काम होते. जुन्या पद्धतीच्या शौचालयात प्रत्येक वेळी दहा लिटर पाणी वाहून जाते. अशा दहा खोल्या भरल्या, तर एका दिवसात टँकरचा मोठा वाटा संपतो, आणि तो टँकर ज्या विहिरीवर भरला जातो, ती विहीर कोणाची तरी पिण्याच्या पाण्याची असते. म्हणून लॉजच्या पर्यावरणनिष्ठेचा पहिला पुरावा स्नानगृहात शोधावा: तेथे शॉवर आहे की बादली, तांब्या आणि एकदाच मिळणारे गरम पाणी आहे. ज्या घरांत यजमान मुक्कामाच्या सुरुवातीलाच पाण्याची मर्यादा सांगतात, तेथील मुले दुसऱ्या दिवशी स्वतः झऱ्यावर जाऊन कळशी भरून आणण्याचा हट्ट धरतात. कारण पाणी कोठून येते हे एकदा दिसले की ते वाया घालवणे मुलांना आवडत नाही.

जमिनीखालचा लॉज

आलेले पाणी जाते कोठे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे आणि पाहुणा तो जवळजवळ कधीच विचारत नाही. शहरातील घराप्रमाणे येथे मोठी गटारव्यवस्था नसते. प्रत्येक घराने आपल्या मैल्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था आपल्याच जमिनीत करायची असते. प्रचलित उपाय सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा हा आहे. टाकीत मैला तळाशी बसून जिवाणूंच्या साहाय्याने कुजतो आणि वरचे पाणी दगड-विटांनी भरलेल्या खड्ड्यात जाऊन हळूहळू जमिनीत मुरते. सपाट, मातीच्या प्रदेशात ही रचना चालते. पायथ्याशी मात्र माती हात-दीड हात खोल असते, खाली भेगाळलेला कातळ लागतो, आणि शोषखड्ड्यातील पाणी मातीतून गाळले जाण्याऐवजी भेगेतून थेट खालच्या झऱ्यापर्यंत पोचण्याचा धोका असतो. पावसाळ्यात तर जमीनच पाण्याने तुडुंब भरलेली असते. खड्ड्यातील पाणी मुरायला जागा उरत नाही आणि ते वर येते. नेमक्या याच दिवसांत धबधबे पाहायला सर्वाधिक गर्दी होते.

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. झऱ्यापासून आणि विहिरीपासून पुरेसे अंतर ठेवून, उताराच्या खालच्या अंगाला बांधलेले दोन खड्ड्यांचे शौचालय हा एक उपाय. त्यात एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायला घेतात आणि पहिल्यातील मैला वर्ष-दोन वर्षांत कुजून निरुपद्रवी खत होतो. स्नानगृहाचे आणि स्वयंपाकघराचे पाणी वेगळे काढून केळी, अळू, कर्दळ यांच्या वाफ्यात सोडणे हा दुसरा. जुन्या घरांच्या मोरीमागे अळूचा वाफा असे, तो याच हेतूने, आणि ही गोष्ट शास्त्राच्या पुस्तकाबाहेरही पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. परंतु हे उपाय खोल्यांच्या संख्येला मर्यादा घालतात. जमीन जेवढे पचवू शकते तेवढीच माणसे ठेवावी लागतात. सहा खोल्यांच्या सोळा करताना भिंती वाढवता येतात, माती वाढवता येत नाही.

भिंतींविषयीही थोडे सांगितले पाहिजे. या भागातील जुने घर कुडाचे असते: कारवीच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधून त्यावर शेण-मातीचा लेप दिला की भिंत तयार होते, ती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहते. कारवी ही सह्याद्रीच्या उतारावर दाट वाढणारी झुडुपे. ती सात-आठ वर्षांतून एकदा सामुदायिकपणे फुलतात आणि मग वाळतात. एका घराच्या भिंती गावाने आपल्या गरजेपुरत्या तोडलेल्या काठ्यांतून उभ्या राहणे वेगळे, आणि दहा-पंधरा 'पारंपरिक' झोपड्यांसाठी उतारच्या उतार बोडका करणे वेगळे. शिवाय अभयारण्यातून असे काही तोडून आणणे कायद्याला मान्य नाही. जवळच्या दगडाची, कौलांची आणि लागवडीच्या बांबूची साधी खोली दिसायला तितकी जुनी वाटत नसली, तरी डोंगरावर तिचा भार कमी पडतो.

अंधार राखण्याचे काम

मे महिन्याची अखेर ते जूनचा मध्य, वळवाचे एक-दोन शिडकावे होऊन गेले की, या परिसरात काजवे दिसू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, आंबा या झाडांवर ते हजारोंच्या संख्येने बसतात आणि काही ठिकाणी एकाच लयीत उघडझाप करतात, तेव्हा अख्खे झाड श्वास घेत असल्यासारखे दिसते. गेल्या काही वर्षांत 'काजवा महोत्सव' या नावाने हे दृश्य इतके प्रसिद्ध झाले आहे की शनिवारी रात्री भंडारदऱ्याच्या भोवतालच्या अरुंद रस्त्यांवर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातील कीटक. त्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णता न निर्माण करणारा प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश म्हणजे नर-मादीची परस्परांना घातलेली साद आहे. काजव्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात, ओलसर पालापाचोळ्यात गोगलगायींसारखे मऊ अंगाचे जीव खाण्यात जातो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती केवळ दोन-तीन आठवडे उरतात आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. मोटारीचा हेडलाइट, हातातील विजेरी, मोबाइलचा फ्लॅश, एवढेच नव्हे तर लॉजच्या अंगणात रात्रभर जळणारा पांढरा दिवा त्या सादेला बुजवून टाकतो. झाडाखाली गर्दी झाली की पालापाचोळ्यातील अळ्या आणि गवतावर बसलेल्या माद्या पायाखाली चिरडल्या जातात. त्या वर्षी झाड लखलखलेले दिसते. नुकसान पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी कळते.

वन विभागाने प्रवेशशुल्क, प्रवेशाच्या वेळा, प्लॅस्टिकबंदी आणि प्रकाशावरील निर्बंध असे नियम लागू केले आहेत आणि ते आवश्यकच आहेत, पण नाक्यावरचा कर्मचारी प्रत्येक झाडाखाली उभा राहू शकत नाही. येथे खरे काम यजमानाचे आहे. ज्या घरांनी हे मनावर घेतले आहे, तेथे जेवण सूर्यास्तानंतर लवकर उरकतात, अंगणातील दिवे मालवतात, पाहुण्यांना गाडी न काढता गावातील तरुणाबरोबर चालत नेतात आणि झाडापासून काही पावले दूर, वाटेवरच थांबवतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. शहरातील मुलाने इतका वेळ अंधारात गप्प उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. पहिली पाच मिनिटे ते आईचा हात घट्ट धरून असते, मग हळूहळू त्याला आधी रातकिड्यांचा आवाज, नंतर झाडाची आकृती आणि शेवटी तिच्यावरची उघडझाप जाणवू लागते. कुटुंबाला या मुक्कामात मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती देण्यासाठी यजमानाला काही बांधावे लागत नाही, फक्त दिवा बंद करण्याचा आग्रह धरावा लागतो. तलावाच्या काठी तंबूंच्या रांगा लावून ध्वनिवर्धक चालवणाऱ्या व्यवसायाने नेमकी हीच गोष्ट गमावली आहे.

हिरड्याच्या झाडाचे गावाशी आणखी एक नाते आहे. उन्हाळ्यात त्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, गोळा करून वाळवून विकणे हे येथील कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे जुने साधन आहे. झाड उभे राहिले ते या उत्पन्नामुळे, आणि काजव्यांना ते मिळाले त्यामुळेच.

चूल, पंगत आणि मोबदला

जेवणाचे ताट हा अशा मुक्कामाचा अभिमानाचा भाग असतो आणि तो सार्थ आहे: नागलीची किंवा तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी, पिठले, ठेचा, गावठी तांदळाचा भात आणि पावसाळ्यात मिळतील त्या रानभाज्या. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जतन केले आणि त्या कार्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. पाहुण्यांच्या ताटात काळभातासारखा जुना तांदूळ पडू लागला, तर तो शेतात टिकण्याला एक कारण मिळते. याउलट पनीर आणि नूडल्सचा आग्रह धरला की सगळा माल घोटीच्या किंवा संगमनेरच्या बाजारातून येतो आणि गावाच्या वाट्याला फक्त भांडी उरतात.

चुलीवरच्या भाकरीची चव ज्यांना हवी असते, त्यांनी त्या चुलीमागची मोळीही पाहिली पाहिजे. घरच्या पाच माणसांसाठी लागणारे जळण बांधावरच्या झाडांच्या फांद्यांतून निघते. तीस माणसांच्या पंगतीसाठी रानात जावे लागते, आणि ती मोळी आणणे व धुरात बसून भाकऱ्या थापणे ही दोन्ही कामे बहुतांशी बायकांचीच असतात. भाकरी चुलीवर, बाकीचा स्वयंपाक गॅसवर किंवा गोबर गॅसवर, अशी वाटणी काही घरांनी केली आहे, ती शहाणपणाची आहे.

पैसा कोणाच्या हाती पडतो, या बाबतीत अकोले तालुक्यातीलच पुरुषवाडीने एक वेगळी वाट दाखवली. तेथे ग्रासरूट्स या उपक्रमाच्या साथीने गावाची समिती पाहुण्यांची व्यवस्था पाहते. जेवण, मुक्काम आणि वाटाड्याचे काम घराघरांत पाळीने वाटले जाते, त्यामुळे एकच घर श्रीमंत होऊन बाकीची त्याच्याकडे मजुरीला जात नाहीत. पाळीच्या या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की पाहुण्याला नाही म्हणणे सोपे जाते. नकार एका घराचा राहत नाही, गावाचा होतो. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतर रोखणारी महसूल कायद्यातील तरतूद आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने दिलेले अधिकार ही या गावांच्या हातातील मोठी साधने आहेत. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याच्या खोल्यांना व्यवसाय म्हणून मान्यता दिली, पण किती खोल्या, किती दिवे आणि किती पाणी हे ठरवण्याचे काम कोणत्याही धोरणापेक्षा ग्रामसभाच नीट करू शकेल.

आवणीचे दिवस

जूनच्या अखेरीस पाऊस लागून राहतो. राब भाजून तयार केलेल्या जमिनीत पेरलेली भाताची रोपे वीतभर वाढतात आणि मग आवणी, म्हणजे ती उपटून चिखल केलेल्या खाचरांत लावण्याचे काम, सुरू होते. ही कामे थांबवता येत नाहीत. रोप वयात आले आणि खाचरात पाणी उभे राहिले की घरातील प्रत्येक हात शेतात लागतो आणि शेजाऱ्यांचे हात एकमेकांच्या शेतात फिरतात. शहरातून येणाऱ्यांसाठी हाच धुके, ओढे आणि धबधब्यांचा हंगाम असतो, दूरध्वनी सतत वाजत असतात आणि खोलीला दुप्पट भाडे देणारेही मिळतात.

तरीही काही घरे या आठवड्यांत पाहुणे घेत नाहीत. काही घरे घेतात, पण आधीच सांगून ठेवतात की दुपारचे जेवण बांधावर होईल, तेही लावणी करणाऱ्यांची पंगत बसेल तेव्हाच, आणि ज्याला हवे त्याने चिखलात उतरून एक ओळ लावावी. जेवण झाले की पाहुण्यांची मुले ओढ्यावर जातात आणि आपापली ताटे राखेने घासून, विसळून परत आणतात.